परकीय भांडवल आणि सोलापूर

ऑक्टोबर २०१९ नंतर देशात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे ३० टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा आहे, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु राज्याच्या नावे जमा झालेली ही रक्कम प्रत्यक्षात कोणत्या जिल्ह्यात उतरली, हे सोलापूरकरांनी विचारलेच पाहिजे. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये चाकणला सुरू झाला. तळेगावची जनरल मोटर्स गेली, तर तिची जागा ह्युंदाईने घेतली. पुण्याहून सोलापूर अवघे अडीचशे किलोमीटर, तरी हा ओघ येथवर पोचला नाही.

यात कोणाचा आकस नाही. भांडवल स्वदेशी असो वा परकीय, ते नफ्याची वाट धरते. बंदर जवळ, सुटे भाग बनविणारे कारखाने शेजारी आणि कुशल कामगार हाताशी, तेथेच ते स्थिरावते. परिणामी पुढारलेले अधिक पुढे जातात. दक्षिण कोरियाच्या भरभराटीचे गोडवे गाताना, तेथेही आग्नेयेकडील उल्सान, पोहांग ही शहरे उद्योगांनी गजबजली आणि नैर्ऋत्येचा होनाम प्रदेश मागे पडला, हे विसरून चालणार नाही. त्या निवडीत शासनाचाही हात होता. बाजाराइतकेच शासनाचे धोरणही प्रदेशाचे भवितव्य ठरविते, हाच त्यातील धडा.

सोलापूर उद्योगांना नवखे नाही. येथे १८७७ साली कापड गिरणी स्थापन झाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, तरी यंत्रमागांनी शहर तगविले. चादरीला भौगोलिक मानांकनही लाभले. तरीही शिकलेला तरुण पुण्याची गाडी पकडतो. त्याच्या शिक्षणावरील खर्च म्हणजे सोलापूरने पुण्यात केलेली गुंतवणूकच होय. तिचे फळ मात्र पुण्याला!

उद्योग राज्यभर पसरावेत म्हणून शासनाने १९६४ मध्येच प्रोत्साहन योजना आखली. दांडेकर समितीने १९८४ साली जिल्ह्यांचा अनुशेष मोजून दाखविला. १९९४ च्या विकास मंडळांची मुदत मात्र एप्रिल २०२० मध्ये संपली. महसुली विभागात सोलापूर पुण्याच्याच पंगतीला बसते आणि पुण्याच्या सुबत्तेत त्याची उणीव झाकली जाते.

तेव्हा केवळ करसवलतींनी भागणार नाही. उजनीच्या पाण्याची हमी, वस्त्रप्रक्रियेच्या सामायिक सोयी आणि तंत्रशिक्षण आधी हवे. शिवाय कोणत्या जिल्ह्यात कोणत्या उद्योगाला किती सवलत दिली व त्याबदल्यात किती रोजगार मिळाला, याचा हिशेब शासनाने दरवर्षी प्रसिद्ध करावा. राज्याच्या सरासरीने सोलापूरच्या घरातील चूल पेटत नाही.