जुन्या स्पीकरला आईचा आवाज ऐकवून बघा

आपल्या मंडळाला स्वतःचा स्पीकर हवा, याबद्दल कुणाचं दुमत नाही. काव्यवाचन असो, जुन्या ध्वनिमुद्रणांचं श्रवणसत्र असो, दर वेळी कुणाचा तरी मोबाईल आणि कुणाचा तरी पाण्याच्या बाटलीएवढा ब्लूटूथ डबा यावर आपण भागवतो. दुमत आहे ते कुठला घ्यायचा यावर. बहुतेकांचा कल चाकं लावलेल्या, रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या पार्टी स्पीकरकडे आहे. नवा असतो, बिल मिळतं, नवरात्रीतही कामाला येईल, असं सगळं बोलणं झालंय. माझं मत उलटं आहे. त्याच पैशात, बहुधा त्याहून कमीत, तीस-चाळीस वर्षांपूर्वीची स्टीरिओ स्पीकरची चांगली जुनी जोडी घ्यावी. आणि हे मी फक्त मंडळासाठी म्हणत नाहीये. लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहून गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकासाठी म्हणतोय.

कारण साधं आहे. आपण ऐकतो काय? कविता, कथाकथन, भावगीत, नाट्यपद. म्हणजे माणसाचा आवाज. पार्टी स्पीकरची सगळी ताकद धडधडीत असते. गरब्यात ती हवीच, तिथे माझी काही तक्रार नाही. पण वर्गखोलीत किंवा हॉलमध्ये तीच धडधड भिंतींवरून परत येते आणि शब्दांवर बसते. स्वर ऐकू येतो, व्यंजन हरवतं. आणि कवितेत व्यंजन हरवलं तर उरतं काय?

हे आपल्या भाषेला जास्तच लागू आहे. ‘या जगात जगायचं कसं’ हे मोठ्याने म्हणून बघा. दोन्हीकडे अक्षर ‘ज’च, पण उच्चार दोन. ‘चार गायींना चारा’ म्हणा, तिथेही तेच. ‘चारा’तला च दातांच्या मागून घासत येतो, त्याची धार वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजात असते. जुन्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जायचा, म्हणून फोनवर ‘स’ आणि ‘फ’ची गल्लत व्हायची आणि नाव सांगताना ‘सशाचा स’ असं म्हणावं लागायचं. ज्या स्पीकरचा ट्वीटर मेलेला किंवा नावापुरताच आहे, तोही तेच करतो. लिहिताना मराठीत या दोन उच्चारांना वेगळी अक्षरं नाहीत. हा भेद फक्त कानाने शिकला जातो. सुरतेत, दिवसभर गुजराती-हिंदी बोलणाऱ्या आपल्यातल्या अनेकांच्या तोंडून तो पुसट होत चाललाय. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेले सुद्धा अपवाद नाहीत. निदान ऐकताना तरी तो नीट कानावर पडावा, एवढी माझी मागणी आहे.

जुने स्पीकर आवाजाला चांगले असतात हा काही भावुकपणा नाही. १९७०च्या दशकात बीबीसीच्या इंजिनिअरांनी एलएस ३/५ए नावाचा लहानसा स्पीकर बनवला. बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत जागा कमी, म्हणून आकार पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा. तो पारखायला त्यांनी वापरला माणसाच्या बोलण्याचा आवाज. ओळखीचा माणूस बोलतोय असं वाटलं पाहिजे, ही परीक्षा. आज त्याच्या जुन्या जोडीची किंमत लाखाच्या घरात जाते, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही. पण त्या काळातल्या कितीतरी साध्या घरगुती स्पीकरांची नजर त्याच गोष्टीवर असायची, कारण तेव्हा लोक घरात बसून रेडिओ, गाणी, नाटकं ऐकायचे. आपल्या चर्चमध्येही भिंतीवर उभे लांबट कॉलम स्पीकर तुम्ही पाहिले असतील. ते तसे लांबट असतात कारण आवाज छताकडे न उधळता बाकांकडे जावा, घुमू नये, प्रवचन कळावं. काम आधी ठरलं, आकार मग.

आता मिळतात कुठे? आपल्याकडे १९९१ पर्यंत परदेशी माल आणणं कटकटीचं होतं, म्हणून देशी कंपन्यांनी चांगला माल बनवला. मुंबईची कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाईन, शिवाय फिलिप्स. यांच्या जोड्या अजून लोकांच्या माळ्यावर पडल्यात. नातेवाइकांनी आखातातून किंवा लंडनहून आणलेल्या जपानी, इंग्रजी जोड्या गुजराती घरांत सापडतात. मुलं परदेशी गेली, फ्लॅट रिकामा करायचा, की त्या भंगारवाल्याकडे येतात. तिसरी वाट म्हणजे अलंग. भावनगर जिल्ह्यातल्या या किनाऱ्यावर १९८३ पासून जहाजं तोडली जातात आणि जहाजातलं सामान, खाटा-कपाटांपासून कपबशांपर्यंत, रस्त्याकडेच्या दुकानांत विकायला मांडलेलं असतं. त्यात खलाशांच्या खोल्यांतल्या म्युझिक सिस्टीमही येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये हजीरा-घोघा रो-पॅक्स फेरी सुरू झाली, तेव्हापासून रस्त्याचे ३७० किलोमीटर समुद्रावरून ९० वर आलेत. फक्त दोन स्पीकरसाठी तिकडे जाणं परवडणार नाही, पण कुणी त्या बाजूला जाणार असेल तर डोळे उघडे ठेवावेत. अहमदाबादेत एलिस ब्रिजखालची रविवारी आहे. मुंबईला सकाळच्या फ्लाईंग राणीने जाऊन चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर फिरून संध्याकाळी परत येता येतं. मात्र येताना पंधरा-पंधरा किलोच्या दोन पेट्या घेऊन डब्यात शिरणं हा वेगळाच पराक्रम आहे. मी तर म्हणेन, आधी आपल्याच गल्लीत विचारा. मामाच्या, काकांच्या माळ्यावर काय आहे ते बघा.

सुरतेत जुना स्पीकर घेताना एक गोष्ट आधी बघायची, जी पुण्या-मुंबईचा कुणी सांगणार नाही. पेटी उलटी करा. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि खानदेशातून येणारी आपली तापी शहरात घुसली. रांदेर, अडाजणमध्ये तळमजलेच्या तळमजले बुडाले. जमिनीवर ठेवलेले स्पीकर त्यात भिजले, वाळवले गेले, पुसून पुन्हा दिवाणखान्यात लागले. लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीत एकदा पाणी शिरलं की ती फुगते आणि परत कधी बसत नाही. खालचा कोपरा फुगीर लागला, नखाने भुसा निघाला, वरचा लाकडी कागद सुटलेला दिसला, की ती जोडी सोडून द्या. रंग कितीही चकाकला तरी. वाळवीची नळी पाठीमागे दिसते, तीही बघा.

मग जाळी काढा. विक्रेता ‘जाळी नथी निकळती, भाई’ म्हणाला तर समजून जायचं, आत काहीतरी आहे. वूफरच्या कागदी कोनाभोवती एक मऊ गोल पट्टी असते, तिच्यावर कोन मागेपुढे हलतो. ही पट्टी रबराची किंवा कापडाची असेल तर बरं. फोमची असेल तर आपल्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत ती चिकट होते, मग तिचा चुरा होतो. बोटाने अगदी हलके दाबून बघा. फाटलेला फोम म्हणजे जोडी वाया गेली असं नाही, नवी पट्टी लावता येते, पण तो खर्च भावातून वजा व्हायला हवा. इथे एक सावधगिरी. सुरतेत स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांची कमी नाही, पण त्यांतल्या बहुतेकांचा हात डीजेच्या सेटवर बसलेला आहे. ते घरगुती वूफरलाही जाड, कडक कोन लावून देतात. आवाज जोरात येतो, आणि माणूस डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. पट्टीच बदला म्हणावं, कोन नको.

दोन्ही हातांची बोटं कोनावर पसरून सारखा दाब द्या. आत कुठे खर्र घासलं तर कॉइल वाकडी झालीय. खिशात मल्टिमीटर असेल तर पाठीमागच्या दोन टोकांवर लावा. आठ ओमचा स्पीकर साधारण सहा-साडेसहा दाखवतो. काहीच आकडा आला नाही तर तार तुटलीय. मात्र हा आकडा फक्त वूफरचा असतो हे लक्षात ठेवा, कारण ट्वीटरच्या आधी कपॅसिटर असतो आणि तो बॅटरीचा प्रवाह अडवतो. म्हणून ‘मीटर बरोबर दाखवतोय’ यावर ट्वीटर विकत घ्यायचा नाही. ट्वीटरला कान लावायचा. ते कपॅसिटरही इतक्या वर्षांत सुकतात आणि आवाज मंद होतो. पण ते बदलणं हे थोड्या पैशांचं काम आहे, फिजिक्सवाला कुणीही सोल्डरिंग करून देईल.

आणि आता खरी परीक्षा. दुकानदार नेहमी स्वतःचं गाणं लावतो, ज्यात ढोल दणदणतो आणि सगळंच भारी वाटतं. तुम्ही तुमचा मोबाईल लावा आणि त्यात आईचा, आजीचा, कुणाचाही रोजचा आवाज रेकॉर्ड करून न्या. गाणं नको, बोलणं. ‘काय रे, जेवलास का, उशीर झाला तुला’ एवढंही चालेल. मघाची दोन वाक्यंही तिच्याकडून म्हणवून घ्या. कलाकाराचा आवाज खरा कसा होता हे आपल्याला ठाऊक नसतं, ते आपण स्पीकरवरच ऐकलेलं असतं. आईचा आवाज मात्र रोज समोर ऐकतो. ती सर्दी झाल्यासारखी वाटली, की मधला भाग बिघडलेला. ‘स’, ‘श’ला शिट्टी आली, की ट्वीटर गेला. घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच न्या, अजून बरं. दुकानदार हसेल, हसू दे.

याच रेकॉर्डिंगने आणखी एक गोष्ट कळते. मोबाईलवरचं साधं बोलणं बहुधा मोनो असतं, म्हणजे दोन्ही स्पीकरला एकच आवाज जातो. दोघांच्या बरोबर मधोमध बसलात तर आवाज मधल्या मोकळ्या जागेतून यायला हवा. तो सगळीकडून, पोकळ, डोक्याभोवती फिरतोय असं वाटलं तर एका स्पीकरच्या तारा उलट्या आहेत. बदलून लावा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेलं गीतरामायण मोनोमध्येच घरोघरी पोचलं. अशी जुनी मोनो गाणी दोन नीट जोडलेल्या स्पीकरवर लावली, की गायक समोर उभा राहतो. एकाच पेटीच्या पार्टी स्पीकरमधून गाणं पेटीतून येतं.

पैशाचं बोलू. मी पाच हजारांचा हिशोब असा मांडीन: तीन हजार जोडीला, दीड हजार छोट्या अ‍ॅम्प्लिफायरला, उरलेले वायर आणि रिक्षाला. खोलीसाठी किंवा तीस-चाळीस जणांच्या सत्रासाठी दहा-पंधरा खरे वॉट पुरतात. ‘खरे’ हा शब्द महत्त्वाचा. नव्वदच्या दशकातल्या म्युझिक सिस्टीमवर पीएमपीओच्या नावाखाली हजार-दोन हजार वॉट छापलेले असत, त्याला काही अर्थ नव्हता. त्यांच्या कित्येक स्पीकरांत जाळीमागचा ट्वीटर शोभेचाच असे. त्या टाळाव्यात असं माझं ठाम मत आहे. नावालाही भुलू नका. सान्सुई म्हटलं की सत्तरच्या दशकातलं जपान आठवतं, पण भारतात तेच नाव लावून व्हिडिओकॉनने नंतर टीव्ही विकले. पाटीपेक्षा पाठीमागचं लेबल वाचा, देश आणि ओम तिथे लिहिलेले असतात. चार ओमची जोडी स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरला तापवते, म्हणून आठची बघा.

वॉरंटीचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. जुन्या जोडीला बिल नाही, बिघडली तर आपणच बघायचं. पण तिच्यात बिघडण्यासारखं आहे काय? दोन वूफर, दोन ट्वीटर, थोडी तार, एखाद-दोन कपॅसिटर. प्रत्येक गोष्ट उघडता येते, बदलता येते. पार्टी स्पीकरची बॅटरी बसली किंवा सर्किट गेलं की वॉरंटी संपल्यावर त्याचं सुटकेससारखं ओझं उरतं.

तेव्हा समितीला विनंती आहे की ऑर्डर पुढच्या बैठकीपर्यंत थांबवावी. दोघा-तिघांनी एक रविवार द्यावा. मल्टिमीटर फिजिक्सच्या लॅबमधून सरांना विचारून मिळेल. रेकॉर्डिंगसाठी माझी आई तयार आहे, ‘चार गायींना चारा’ ती फार झकास म्हणते.