मुठीतली शंभराची नोट

आमचं गाव गोरेगाव. एवढंच सांगितलं, की मुंबईकडची माणसं हमखास विचारतात, "ईस्ट की वेस्ट?" मग सांगावं लागतं, अहो, आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. इथे लोकल नाही की मेट्रो नाही. गोंदियाला जायचं तर बसची वाट बघायची, नाहीतर मिळेल त्या गाडीत अंग चोरून बसायचं.

परवा अशाच एका गाडीत बसले होते. सकाळची वेळ, गाडी खच्चून भरलेली. माझ्या पुढच्या सीटवर एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि मुठीत शंभराची घडी घातलेली नोट. लेक बाळंतपणासाठी गोंदियाच्या बाई गंगाबाई रुग्णालयात भरती होती, तिच्यासाठी डबा चालला होता. तिकीट काढणारा आला. नोट बघून त्याचं तोंडच उतरलं.

"मावशी, सुटे द्या. नाहीतर फोनवरून करा. सकाळपासून सगळेच शंभर-शंभर देऊन राहिले."

"फोन पोराजवळ असते, बापू. तो गेला कामावर."

"मग मी कुठून आणू सुटे?"

मागून कोणीतरी टोमणा मारला, "आजकाल भाजीवालीजवळही स्कॅनर असते!" मावशी गप्प झाल्या. शेवटी कॉलेजच्या एका पोरीने आपला फोन काढला आणि त्यांच्या तिकिटाचे पैसे भरले. मावशी नोट तिच्या हातात कोंबू लागल्या, तर तिच्याजवळही सुटे नव्हते. गोंदिया येईपर्यंत मावशी तिला एकच सांगत होत्या, "पत्ता सांग बाई, बाजाराच्या दिवशी आणून देतो." पोरगी हसून "राहू द्या" म्हणत होती. पण मावशींच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा काही गेला नाही.

मैत्रिणींनो, ही बाई काही फुकट बसली नव्हती. तिच्या मुठीत पैसे होते, तेही खरे आणि तिच्या घामाचे. तरी चारचौघांत ती उधारीवर आली. तेव्हापासून मनात एकच प्रश्न घोळतो आहे. उद्या कोणी ठरवलंच की प्रवासाचं भाडं रोख घ्यायचंच नाही, कार्ड नाहीतर मोबाईल एवढंच चालेल, तर या मावशीने जायचं कसं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या एसटीत आजवर रोख पैसे बंद झालेले नाहीत. गेल्या काही वर्षांत वाहकाच्या हाती नवी मशीन आली, फोनवरून पैसे देण्याची सोय झाली, ती चांगलीच आहे. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं आणि सुट्ट्या पैशांवरून प्रवासी आणि वाहक यांच्यात खटके उडू लागले, तेव्हा तर या सोयीची गरज आणखीच जाणवली. वाहकालाही दोष देऊन चालत नाही. दिवसभर नाणी मोजायची, रात्री हिशेब जुळवायचा आणि कमी पडले तर खिशातून भरायचे, हे त्याच्याच नशिबी येतं. रोख कमी झाली तर त्याच्या डोक्याचा ताप कमी होईल, हे मान्य.

पण सोय वेगळी आणि सक्ती वेगळी. सोय सक्ती कधी होते, ते कळतही नाही. आधी "करता येईल" असतं, मग "केलं तर बरं" होतं आणि एक दिवस "असंच करावं लागेल" येतं. त्या मावशीला कोणी नियम दाखवला नव्हता. सुटे नाहीत एवढ्या कारणावरून तिची नोट बाजूला पडली होती.

सक्तीची चुणूक एसटीच्या प्रवाशांनी एकदा बघितलेलीही आहे. 2019 मध्ये ज्येष्ठ नागरिक आणि इतर सवलतधारकांसाठी स्मार्ट कार्ड आलं. कार्ड काढा, तरच सवलत, असं सांगितलं गेलं. मग म्हातारी माणसं आधार कार्ड घेऊन आगारात रांगा लावू लागली. एवढ्या लोकांना वेळेत कार्ड मिळणं शक्यच नव्हतं. मुदत वाढली, पुन्हा वाढली, आणखी एकदा वाढली. तोवर जुनं ओळखपत्र दाखवूनच लोक प्रवास करत राहिले. यातून शिकण्यासारखं एकच, कार्ड छापायला वेळ लागत नाही. ते शेवटच्या गावातल्या शेवटच्या आजीच्या हातात पडायला लागतो.

आता आपल्या बायकांचं बघू. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या बायकांना विचारलं होतं, तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याजवळ आहे का? "आहे" म्हणणाऱ्या निघाल्या सुमारे 54 टक्के. इंटरनेट कधीतरी वापरलं आहे, असं सांगणाऱ्या बायका 33 टक्के, तर पुरुष 57 टक्के. या आकड्यांना काही वर्षं झाली, आता ते नक्कीच वाढले असतील. पण आपल्या आजूबाजूला बघा. घरात फोन असणं आणि तो बाईच्या हातात असणं, यात अजून अंतर आहे. ज्यांच्या हातात आहे, त्यांच्यातही कितीजणींच्या स्वतःच्या खात्याला तो जोडलेला आहे? कितीजणींना पिन स्वतःला माहीत आहे? अनेक घरांत खातं बाईच्या नावाचं, नंबर नवऱ्याचा आणि पिन पोराच्या डोक्यात, अशी तऱ्हा असते.

माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे बाईचा पैसा येतो रोखीत. धानाच्या रोवणीची मजुरी, तेंदूपत्त्याच्या हंगामातली कमाई, मोहफुलं विकून आलेले पैसे, कोंबडीची अंडी, परसातली वांगी, शिवणाचे चार पैसे. ते पदराच्या गाठीत राहतात, तांदळाच्या डब्यात राहतात. थोडेच असतात, पण त्यांचा हिशेब तिला कोणाला द्यावा लागत नाही. त्यातूनच ती आजारी आईला भेटायला माहेरी जाते, लेकीला बघायला जाते, अंगावर काढलेलं दुखणं एकदाचं डॉक्टरला दाखवून येते.

आता हेच तिकीट फोनवरूनच काढायचं, असं ठरलं तर काय होईल? फोन ज्याच्या हातात, त्याला विचारावं लागेल. "कशाला जातेस? कालच तर गेली होतीस. आता कामाचे दिवस आहेत." तिकिटाचा मेसेज ज्याच्या नंबरवर जाईल, त्याला ती कुठे गेली, किती वाजता गेली, सगळं कळेल. ज्या घरात गोडीगुलाबी आहे तिथे हे कळलं तरी काही बिघडत नाही. पण ज्या घरात बाई मार खाते, तिथल्या बाईने रात्री माहेरची गाडी पकडायची तर कोणाचा फोन मागायचा? मुठीतली नोट म्हणजे तिच्यासाठी बाहेर पडण्याचा रस्ता आहे.

डब्यातला पैसा उघडा पडणं काय असतं, हे आपण 8 नोव्हेंबर 2016 नंतर अनुभवलं. पाचशे आणि हजारच्या नोटा बंद झाल्या. कितीतरी घरांत बायकांनी वर्षानुवर्षं साठवलेले पैसे नवऱ्यासमोर काढून ठेवावे लागले. कोणी हसलं, कोणी "आमच्यापासून लपवत होतीस?" म्हणून भांडलं. त्या पैशाने अनेकदा घरच सावरलं होतं, हे मात्र फार थोड्यांना आठवलं.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघायला हवी. फोनमधला पैसा गर्दीत चोरीला जात नाही. दारुड्या नवऱ्याला डब्यातले पैसे काढून नेता येतात, पिन घातलेल्या खात्यातले सहजी नेता येत नाहीत. सुट्ट्यांवरून चारचौघांत अपमान होत नाही. त्या कॉलेजच्या पोरीकडे बघून मला मनापासून बरं वाटलं, तिचं खातं तिचं होतं आणि फोनही तिचा होता. आपल्या सगळ्या लेकी तशाच व्हाव्यात. पण लेकीला जमलं म्हणून आईला गाडीखाली उतरवायचं, हा काही न्याय नव्हे.

ज्या शहरांनी हा निर्णय घेतला, तिथे काय झालं? लंडनमध्ये 6 जुलै 2014 पासून बसमध्ये रोख भाडं बंद झालं. आधी लोकांचं मत मागवलं, तेव्हा बहुतेकांनी विरोधच नोंदवला. पण तिथे तोवर रोख देणारे प्रवासी शंभरात एखादाच उरला होता. तरीही कार्डात पैसे दुकानात रोख देऊन भरता येत होते आणि कार्डात पैसे कमी असले तरी एक फेरी करू देण्याची सोय ठेवली होती. म्हणजे रात्री-बेरात्री कोणी रस्त्यावर अडकू नये, एवढा विचार त्यांनी केला. आपल्या दिल्लीत करोनानंतर 7 सप्टेंबर 2020 रोजी मेट्रो सुरू झाली ती फक्त स्मार्ट कार्डवर, टोकन बंद, आणि कार्डातले पैसेही रोखीने भरायचे नाहीत. कारण साथीचं होतं, समजण्यासारखं होतं. पण ज्या बाईला महिन्याचा पगार हातात रोख मिळतो, तिने मेट्रोत पाऊल कसं ठेवायचं, याचं उत्तर त्या नियमात नव्हतं. पुढे रोखीचं तिकीट परत आलं.

आणि आपल्या टोलनाक्यांचं आठवतं ना? फास्टॅगची सक्ती 2019 च्या डिसेंबरात व्हायची होती. मोटारवाल्यांसाठी मुदत वाढत वाढत फेब्रुवारी 2021 उजाडला. त्यानंतरही ज्याच्याजवळ टॅग नाही त्याला दुप्पट पैसे भरून रोखीने जाता येत होतं. मोटारीतल्या माणसाला एवढा वेळ मिळतो, तर अर्ध्या तिकिटावर जाणाऱ्या बाईलाही तो मिळायला नको का?

अर्ध्या तिकिटाचा विषय निघालाच म्हणून सांगते. 17 मार्च 2023 पासून एसटीत सगळ्या बायकांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. त्याआधी 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळाला. गाड्या बायकांनी भरू लागल्या. घरातच बसलेली आजी देवदर्शनाला निघाली. एका हाताने दार उघडलं आहे, ते दुसऱ्या हाताने लोटायला नको. लाडकी बहीण योजनेचे पैसे बँकेत जमा झाले, तर ते काढायला बाई बसनेच तालुक्याला येते. रोख पैसा आणायला जायचं आणि त्यासाठी आधी फोनने तिकीट काढायचं, हा उलटा कारभार होईल.

1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी पहिली एसटी धावली. तिचं ब्रीद "बहुजन हिताय, बहुजन सुखाय". या ब्रीदाला जागायचं तर मागणं फार मोठं नाही. गाडी कोणतीही असो, रोख पैसे घेणं कधीच बंद होऊ नये. वाहकाला सकाळी निघताना पुरेसे सुटे मिळावेत, म्हणजे नोट दिसताच त्याचा चेहरा पडणार नाही. कार्ड आणायचंच असेल तर ते बसस्थानकावर, रोख पैसे देऊन, कोणाच्याही फोनशिवाय मिळावं आणि तसंच भरता यावं. आणि कार्ड चाललं नाही, फोन बंद पडला, नेटवर्क गेलं, तर कोणत्याही बाईला मध्येच उतरवू नये. आपल्याकडे जंगलातला रस्ता लागला की नेटवर्क कसं जातं, हे नवेगावबांधकडे जाणाऱ्या बायकांना वेगळं सांगायला नको.

आपणही थोडं करायला हवं. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. ज्या मैत्रिणीला येतं तिने दुसरीला शिकवा. आपलं खातं, आपला नंबर, आपला पिन, आणि तो कोणालाही सांगायचा नाही, लेकालाही नाही. साध्या बटणांच्या फोनवरूनही पैसे देण्याची सोय मार्च 2022 पासून आहे, हे अनेकींना माहीतच नाही. शिकलेलं वाया जात नाही. पण शिकेपर्यंत, आणि शिकल्यावरही, नोट देऊन तिकीट काढण्याचा आपला हक्क सोडू नका. कोणी नाकारलं तर गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा आणि गटाच्या नावाने आगारात अर्ज द्या. एकटीच्या तक्रारीपेक्षा दहाजणींच्या सह्या लवकर वाचल्या जातात.

गोंदियाला उतरल्यावर त्या मावशी समोरच्या चहाच्या टपरीवर गेल्या. चहा घेतला नाही, फक्त शंभराचे सुटे मागितले. टपरीवाल्याने दिले. मग त्या घाईने मागे वळल्या. कॉलेजची पोरगी तोवर रिक्षात बसून निघून गेली होती. मावशी थोडा वेळ हातातल्या सुट्ट्यांकडे बघत उभ्या राहिल्या आणि डबा सावरत दवाखान्याच्या वाटेला लागल्या.

तुमच्या गाडीत काय घडतं? तुमच्या तिकिटाचे पैसे कोणाच्या हातातून जातात? आम्हाला जरूर लिहून कळवा.