लेंकुरवाळ्यांचा रानांतला मुक्काम

दिवाळीची सुटी जवळ आली कीं हल्लीं घराघरांतून एक वाद ऐकूं येतो. तरुण मंडळींना कोयनेच्या शिवसागराकाठीं, तापोळा-बामणोलीकडे, किंवा महाबळेश्वर-पांचगणीच्या बाजूस तंबूंत दोन रात्री काढावयाच्या असतात, आणि घरांतील वडील माणसें विचारतात, "बरोबर तान्हें पोर आहे, त्याचें काय?" एक पक्ष म्हणतो, मुलांना मोकळी हवा पाहिजे, दुसरा म्हणतो, मुलांना घर पाहिजे. दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. ह्या वादाचा निकाल हौसेवर किंवा भीतीवर न सोपवितां व्यवस्थेवर सोपवावा, असें आमचें मत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. लहान मुलांना घेऊन घराबाहेर राहणें हें आपल्या सातारा-सांगलीकडील कुटुंबांना मुळींच नवें नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला आणि पुढें तो साताऱ्याकडेही पसरला. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव सोडावा आणि माळावर झोपड्या घालून राहावें, हा क्रम त्या काळीं कित्येक वर्षें चालला. बाळंतिणी, तान्हीं मुलें, म्हातारीं माणसें, सर्व तेथेंच. हाल पुष्कळ झाले, पण त्या घर सोडण्यांत शहाणपण होतें. कारण मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा माणसांस चावून तो रोग देतात, हें आज सर्वमान्य आहे. पुढें ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. पाटण तालुक्यांत घरें कोसळलीं, दीडशेंहून अधिक माणसें दगावलीं, आणि मागून बसणाऱ्या धक्क्यांच्या भयानें ऐन थंडींत लोक लेंकराबाळांसह घराबाहेर निजले. २००५ व २०१९ सालीं कृष्णेच्या महापुरानें सांगलीकरांना घरें सोडून शाळांचा व मंगल कार्यालयांचा आसरा घ्यावा लागला.

तात्पर्य, ज्या मुक्कामाचा आपण हौस म्हणून विचार करतों, तो आपल्या वाडवडिलांना सक्तीनें करावा लागला आहे, आणि उद्यां आपल्यालाही करावा लागणार नाहीं असें कोणीं सांगावें? म्हणून ह्या दोन रात्री पुढील प्रसंगाची तालीम समजाव्या. मुलाचे उबदार कपडे कोणत्या पिशवींत आहेत, प्यावयाचें पाणी कोणतें, रात्रीं जागणार कोण, हें ज्या घराला ठाऊक असतें, तें घर संकटांत गोंधळून जात नाहीं.

आतां व्यवस्था कशी असावी तें पाहूं. सुश्रुतसंहितेंत बाल्याचे तीन भाग केले आहेत: एक वर्षापर्यंत क्षीरप, दोन वर्षांपर्यंत क्षीरान्नाद, आणि त्यापुढें अन्नाद. मूल काय खातें ह्यावरून त्याची अवस्था ओळखण्याची ही रीत प्रवासास फार सोयीची आहे.

क्षीरप बालकाची अन्नाची चिंता सर्वांत थोडी. पहिले सहा महिने आईचें दूध पुरेसें असून वरचें पाणीसुद्धां देऊं नये, असें आजचें वैद्यक सांगतें. चिंता आहे ती उबेची. लहानग्याच्या वजनाच्या मानानें त्याच्या त्वचेचा विस्तार मोठा असतो. त्यामुळें त्याचें अंग आपल्यापेक्षां लवकर गार पडतें. टोपरें, पायमोजे, अंगावर पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, हे बरे. तोंडावर येणारी जड दुलई मात्र नको. आणि उबेसाठीं पेटती शेगडी किंवा निखारे बंद तंबूंत कदापि आणूं नयेत. त्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, आणि निजलेलें माणूस त्यानें निजल्या जागींच मरतें. तीन महिन्यांच्या आंतील मूल तर नेऊंच नये. त्या वयांत नुसता ताप आला तरी तत्काळ डॉक्टर गांठावा लागतो, आणि रानांत तो जवळ नसतो.

महाबळेश्वरास गेलें म्हणजे मधाची बाटली घरीं येतेच. मोठ्यांनीं तो खुशाल खावा. परंतु वर्षाच्या आंतील मुलाला त्याचें बोटही चाटवूं नये. मधांत क्वचित् असे सूक्ष्म जंतुबीज असतात कीं, ते कोवळ्या आंतड्यांत वाढून विष निर्माण करतात व मुलाचे स्नायु लुळे पडतात. जातकर्मांत मधु व घृत सांगितलें आहे, हें आम्ही जाणतों. पण त्या संस्काराचें मर्म आशीर्वादांत आहे. मध वगळल्यानें तो उणा होत नाहीं.

क्षीरान्नाद मूल सर्वांत अवघड. तें रांगतें, धांवतें, दिसेल तें तोंडांत घालतें, आणि विस्तव व पाणी ह्या दोहोंकडे सारख्याच ओढीनें जातें. झऱ्याचें पाणी नितळ दिसलें तरी शुद्ध असतेंच असें नाहीं. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तें उकळूं द्यावें आणि झांकून निववावें. मऊ भात, मेतकूट, तूप, नाचणीची पेज एवढें पुष्कळ झालें. सकाळचें उरलेलें संध्याकाळीं भरवूं नये. विशेष सांगावयाचें तें पहाऱ्याविषयीं. दहा माणसें मुलावर लक्ष ठेवून आहेत, ह्याचा अर्थ पुष्कळदां कोणाचेंच लक्ष नाहीं असा होतो. म्हणून तासातासाची पाळी लावावी, आणि ज्याची पाळी त्यानें दुसरें कांहीं करूं नये. लहान मूल बादलीभर पाण्यांतही बुडतें, आणि बुडतांना ओरडत नाहीं.

अन्नाद मुलांना काम द्यावें. काटक्या वेंचणें, पाण्याचीं भांडीं झांकणें, बूट घालण्यापूर्वीं झाडून पाहणें, ह्यांत तीं रमतात व शिकतात. मात्र दिवस मावळल्यावर एकट्यानें राहुटीपासून दूर जावयाचें नाहीं, हा नियम सर्वांस सारखा. कोयना अभयारण्य व चांदोलीचें राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला. आणि बिबट्या तर शिराळा-कऱ्हाडकडील उंसांतही आढळतो.

सर्पविंचवांची भीति बाळगण्यापेक्षां माहिती बाळगावी. मण्यार रात्रीं हिंडतो व जमिनीवर निजलेल्यांस चावतो. दंश इतका सूक्ष्म कीं पुष्कळदां जागही येत नाहीं. म्हणून अंथरूण खाटेवर असावें आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखालीं नीट खोंचाव्या. दंश झालाच तर बांधणें, कापणें, चोखणें, मंत्र घालणें ह्यांत वेळ दवडूं नये. मुलाला हलूं न देतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जें वाहन मिळेल त्यानें दवाखाना गांठावा. लाल विंचू मुलांना विशेष घातक. दंशानंतर मुलाला दरदरून घाम सुटला, वांत्या झाल्या, हातपाय गार पडले तर क्षणाचाही विलंब नको. ह्या विषावर प्राझोसिन हें औषध उपयोगी पडतें, हें महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दाखवून दिलें. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. सर्पविषावरील लस व हें औषध मुक्कामाच्या जवळ कोणत्या रुग्णालयांत मिळतें, तें निघण्यापूर्वींच विचारून ठेवावें.

हें सर्व वाचून एखादी माउली म्हणेल, "एवढें सांभाळावयाचें तर मग मी मौज केव्हां करावी?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर एकत्र कुटुंबाजवळ आहे. आजी, काकू, आत्या, काका, ह्यांच्यांत पहाऱ्याच्या पाळ्या वांटल्या आणि त्यांत बाळाच्या वडिलांनींही आपला वांटा उचलला, तर आईला नदीकाठीं घटकाभर स्वस्थ बसतां येतें. ज्या सहलीहून आई थकून परतते, ती सहल इतरांची झाली. घराची झाली नाहीं.

ज्यांचा निर्णय होत नसेल त्यांनीं एक रात्र आपल्याच गच्चीवर किंवा अंगणांत राहुटी ठोकून सर्वांनीं निजून पाहावें. उणें असेल तें तेथेंच कळेल, आणि घराचें दार दहा पावलांवर असेल. त्या रात्रीं बाळ निजलें व आईही निजली, तर पुढें खुशाल तापोळ्याचा रस्ता धरावा. न निजलीं, तर शिवसागर पुढल्या वर्षींही तेथेंच आहे.