नाबोथाचा मळा आणि कोळ्यांचा किनारा

लांज्यासारख्या डोंगरगावात बसून समुद्राची चिंता कशाला, असे कोणी विचारील. आमच्या माचाळच्या डोंगरात उगम पावणारी मुचकुंदी पूर्णगडलाच समुद्राला मिळते. किनाऱ्याचे दुःख आम्हांला परके नाही.

कोळी ज्या वाळूवर नौका बांधतो, ओढून दुरुस्त करतो, तिला सुशोभीकरणाचे आराखडे ‘मोकळी जागा’ म्हणतात. हा शब्दच अन्यायकारक आहे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने पारंपरिक नौकाबांधणीच्या जागा ही मच्छीमारांची गरज म्हणून नावानिशी मान्य केली, त्यांच्या सामाईक जागा नकाशावर दाखवण्यास सांगितले. २०१९ च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला.

‘आता फायबरच्या होड्या आल्या, वाळू कशाला हवी?’ फायबरची होडीही फुटते. तीही किनाऱ्यावर ओढावीच लागते. ‘भरपाई देऊ!’ अहाब राजानेही नाबोथाला मळ्याची किंमत देऊ केली होती. वाडवडिलांचे वतन नाबोथाने विकले नाही. त्यापायी तो दगडमार होऊन मेला.

वरळीच्या कोळी बांधवांनी नेटाने लढा दिला, तेव्हा २०२२ मध्ये सागरी किनारा मार्गाच्या खांबांमधील अंतर ६० वरून १२० मीटर करणे शासनाला मान्य करावे लागले. प्रभू येशूने पेत्राच्या होडीत बसून उपदेश केला. त्याच्या अनुयायांनी होडीची जन्मभूमी मुकाट्याने गमावू नये. किनाऱ्यावरील प्रत्येक धर्मग्रामाने आपली नौकाबांधणीची जागा नकाशावर नोंदवून घ्यावी. नंतर अश्रू ढाळून उपयोग नाही.