टर्बो गाडीचे पूर्वचरित्र

जमिनीचा एखादा तुकडा विकत घ्यावयाचा झाल्यास जो मनुष्य तलाठ्याच्या दप्तरातून सातबारा काढतो, फेरफाराच्या नोंदी मागे मागे चाळीत जातो, इतर हक्कांच्या रकान्यात कोणा सोसायटीचा बोजा तर राहिला नाही ना याची खातरजमा करतो, आणि एवढे करूनही वकिलाचा सर्च रिपोर्ट हाती आल्याखेरीज विसारादाखल रुपयादेखील पुढे करीत नाही, तोच मनुष्य सहा-सात लाखांची जुनी मोटार घेताना टायरला बुटाच्या टोकाने एक ठोसा देतो, दारावरून बोट फिरवून रंगाची परीक्षा करतो, किलोमीटरचा आकडा पाहून समाधानाने मान डोलावतो, आणि तासाभरात टोकन देऊन मोकळा होतो. साध्या पेट्रोल इंजिनाच्या लहान गाडीच्या बाबतीत ही बेफिकिरी बहुधा पचून जाते, कारण ती इंजिने स्वभावतःच सोशिक. मालकाने हेळसांड केली तरी ती मुकाट्याने सहन करीत दीड-दोन लाख किलोमीटर चालत राहतात. टर्बोचार्जर बसविलेल्या पेट्रोल इंजिनाला मात्र हा सोशिकपणा फारसा लाभलेला नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, जुनी टर्बो गाडी निवडताना कंपनीचे नाव आणि मीटरवरचा आकडा या दोन्ही गोष्टी दुय्यम मानाव्यात, आणि पहिल्या मालकाने ती गाडी कशी वागविली याचा लेखी पुरावा प्रथम पाहावा.

आज जुन्या बाजारात या गाड्या एवढ्या संख्येने का दिसतात, याचे मूळ बऱ्याच अंशी आपल्या करपद्धतीत आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांच्या आतील आणि पेट्रोलवर चालणाऱ्या १२०० घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले, आणि पुढे वस्तू व सेवा कराच्या अमदानीतही हीच सीमारेषा कायम राहिली. इंजिन मोठे करण्याची वाट कायद्याने अशी महाग करून ठेवल्यावर लहान इंजिनातच अधिक हवा कोंबून अधिक ताकद काढणे, हा मार्ग कारखानदारांना सोयीचा वाटल्यास नवल नाही. २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलोची जीटी टीएसआय आणि फोर्डची एक लिटरची इकोस्पोर्ट, २०१७ मध्ये मारुतीची बलेनो आरएस आणि टाटांची नेक्सॉन, २०१९ मध्ये महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० आणि ह्युंदाईची व्हेन्यू, २०२० च्या अखेरीस निस्सानची मॅग्नाइट आणि २०२१ च्या जानेवारीत टाटांची अल्ट्रोझ आय-टर्बो, अशी ही मालिका आहे. आणि त्यांपैकी पोलो चाकणची, नेक्सॉन रांजणगावची, अल्ट्रोझ पिंपरीची व एक्सयूव्ही ३०० नाशिकची, ही गोष्ट महाराष्ट्रातील ग्राहकाने अभिमानापेक्षा व्यवहाराच्या दृष्टीने लक्षात ठेवावी, कारण कारखान्याच्या परिसरात सुटे भाग आणि जाणकार हात दोन्ही सहज सापडण्याचा संभव अधिक.

या इंजिनांचा मोह समजण्यासारखा आहे. बाराशे सीसीचे साधे इंजिन सुमारे ११३ न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि तोही इंजिनाचे फेरे मिनिटाला चार हजारांच्या पुढे गेल्यावर. पोलोचे एक लिटरचे टीएसआय इंजिन १७५ न्यूटन मीटर देते, आणि ते १७५० फेऱ्यांपासूनच. चार माणसे व सामान घेऊन वरंधा किंवा आंबा घाट चढणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु ही ताकद येते कोठून? इंजिनातून बाहेर पडणारा, ९०० अंश सेल्सिअसच्या घरातला तप्त धूर एका चक्राला फिरवितो, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून आत पाठविते, आणि हा दांडा मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्यांच्या वेगाने ऑईलच्या एका अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. या थराखेरीज त्याला दुसरा आधार नाही. ऑईल जुने झाले, घट्ट झाले, पातळी खाली गेली, किंवा चार पैसे वाचविण्यासाठी भलत्याच प्रतीचे भरले, की झीज सुरू होते. ती डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि मग नव्या टर्बोची पाच आकडी रक्कम निमूटपणे मोजावी लागते. पहिला मालक बोरघाट भरवेगाने चढून लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानासमोर तत्क्षणी इंजिन बंद करीत असे, की अर्धा-पाऊण मिनिट ते शांत होऊ देत असे, याची नोंद कोठल्याही कागदावर मिळत नाही. पण ज्याने दर वर्षी वेळेवर ऑईल बदलले त्याने बाकीचीही काळजी घेतली असावी, हे अनुमान सहसा चुकत नाही.

यंत्र आणि मालक यांच्या संबंधाचा हा प्रश्न नवा नाही. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले, तरी सर्वसामान्य ग्राहकाला विकावयाच्या मोटारीत ती प्रथम अवतरली १९६२ मध्ये, अमेरिकेत. त्या वर्षी आलेल्या ओल्ड्समोबील जेटफायर या गाडीत इंजिनाने अवेळी पेट घेऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण आत फवारले जाई, आणि त्यासाठी एक स्वतंत्र टाकी होती. ती वेळोवेळी भरणे हे मालकाचे काम. पण अनेक मालकांना त्याचा विसर पडे, टाकी रिकामी झाली की सुरक्षेची झडप टर्बोचा दाब रोखून धरी, आणि मालक तक्रार करीत की गाडीत दम नाही. अखेर कंपनीने टर्बो काढून त्याजागी साधा कार्बोरेटर बसवून देण्याची सोय केली. अभियंत्यांनी आपल्या परीने सर्व योजना केली होती. मालक टाकी भरील, हे त्यांचे एकच गृहीतक फसले. आजच्या गाडीत ती टाकी नाही, पण तिची जागा ऑईलने घेतली आहे, आणि विसराळू मालकही पूर्वीइतकेच विपुल आहेत.

जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत एक वाक्य मोठ्या प्रतिष्ठेने मिरवत असते: डॉक्टरांची गाडी, घर ते दवाखाना एवढीच चालविलेली, पाच वर्षांत फक्त अठरा हजार किलोमीटर. ग्राहक या वाक्यावर भाळतो आणि त्यासाठी लाखभर रुपये अधिक देण्यास तयार होतो. माझ्या मते येथेच त्याने दोन पावले मागे सरावे. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि बाष्प ऑईलमध्ये मिसळत राहते, त्याचा वंगणाचा गुण मंदावतो, आणि 'गाडी चाललीच कोठे' या सबबीवर मालक सर्व्हिसची तारीखही पुढे ढकलतो, वास्तविक पुस्तिकेत किलोमीटर आणि महिने यांपैकी जे आधी भरेल ते, असे स्वच्छ लिहिलेले असते. याच्या उलट, पुण्याहून कोल्हापूरला नित्य जाणाऱ्या एखाद्या विक्री-प्रतिनिधीची साठ हजार किलोमीटर झालेली गाडी, जिच्या प्रत्येक सर्व्हिसची पावती तारीखवार लावलेली आहे, ती मी निःशंकपणे पसंत करीन. शिवाय किलोमीटरचा आकडा मागे फिरविता येतो. अधिकृत वर्कशॉपच्या संगणकातील नोंदी फिरविणे तितके सोपे नाही. विक्रेत्याने त्या नोंदींची छापील प्रत काढून देण्यास टाळाटाळ केली, तर सौदा तेथेच संपला असे समजावे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. या इंजिनांत दोन जाती आहेत. टीएसआय, व्हेन्यूचे टी-जीडीआय, बलेनो आरएसचे बूस्टरजेट आणि इकोस्पोर्टचे इकोबूस्ट यांत पेट्रोल थेट सिलिंडरात फवारले जाते. त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत आणि कालांतराने त्यांवर काजळी साचते. नेक्सॉन, मॅग्नाइट आणि सुरुवातीची एक्सयूव्ही ३०० यांत फवारणीची जुनी पद्धत असल्याने ही व्याधी तेथे संभवत नाही. इंजिन किंचित कमी तरतरीत वाटेल, पण दुसऱ्या मालकाच्या दृष्टीने हा साधेपणा गुणच होय. गिअरबॉक्सच्या बाबतीत तर माझा आग्रह अधिक कडक आहे. पोलो जीटीचा सात गिअरांचा डीएसजी आणि व्हेन्यूचा डीसीटी यांत कोरड्या क्लचच्या जोड्या असतात, आणि सिंहगड रस्त्यावर किंवा घोडबंदरला इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत त्या तापतात. अशा गाडीचा भूतकाळ शहरात गेला असेल, तर हमीची मुदत उलटल्यावर ती घेण्याचे धाडस मी करणार नाही. मॅन्युअल घ्यावी, आणि ऑटोमॅटिकच हवी असेल तर २०२० ते २०२२ मधील एक लिटरची पोलो पाहावी, कारण तीत टॉर्क कन्व्हर्टरचा परंपरागत गिअरबॉक्स आहे. एक लिटरच्या इकोस्पोर्टविषयी मात्र मन घट्ट करून नकार द्यावा असे मला वाटते: गाडी चालवावयास अतिशय आनंददायक, पण तिच्या इंजिनातील टायमिंग बेल्ट ऑईलमध्ये भिजत फिरतो, बेल्टच्या झिजेचे कण ऑईलच्या वाटा बुजवू शकतात, आणि कंपनीने २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले आहे.

गाडी पाहावयास जाल तेव्हा ती पूर्ण थंड असावी, अशी अट आधीच घालावी; विक्रेत्याने ती 'जरा गरम करून' ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. थंड इंजिन सुरू होतानाचा पहिला खडखडाट बरेच काही सांगून जातो. नंतर कात्रजसारख्या एखाद्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरात उतरू द्यावी, आणि तळाशी एकदम पाय दाबून मागच्या आरशात पाहावे. निळसर धूर दिसला तर ऑईल जळते आहे. दाब वाढताना बारीक शीळ ऐकू येणे स्वाभाविक, पण ती सायरनसारखी चढत गेली तर संशय घ्यावा. पंधरा मिनिटे स्कॅनर लावून आत साठलेले दोष वाचावेत, आणि ते कालच पुसून टाकलेले नाहीत ना हेही पाहावे. इंजिनाच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढविण्याचा, म्हणजे रिमॅपचा, छंद तरुण मंडळींत बराच पसरला आहे. अशा गाडीला कितीही आकर्षक भाव असला तरी हात लावू नये. मायलेजच्या लोभाने चाळीसच्या वेगाला वरचा गिअर टाकून इंजिन घरघरत ठेवणारा सज्जन गृहस्थही तितकाच घातक, कारण कमी फेरे आणि अधिक भार यांच्या संगतीने टर्बो इंजिनात ठिणगीपूर्वीच स्फोट होऊ शकतो आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. ऑईलच्या मानकांत २०१८ साली एसएन प्लस आणि २०२० साली एसपी ही श्रेणी आली, ती मुख्यतः याच कारणाने.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात आटोपतो. आरसीवर बँकेचा बोजा असल्यास तो उतरविल्याचा नमुना ३५ आणि बँकेचा दाखला, मालकी बदलासाठी नमुना २९ व ३०, थकलेली चलने, आणि हस्तांतरापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज, एवढे चुकवू नये; नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मात्र अवश्य मागावा. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात आणि २०२४ च्या जुलैत पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत जे पाणी शिरले, त्यात बुडालेल्या गाड्यांना पुढे दूरचे ग्राहक शोधले जाणे अशक्य नाही; सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मुळाशी गाळाची रेघ आहे का, एवढे पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी असेल तर वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविषयी पुस्तिका काय म्हणते, तेही वाचून घ्यावे.

राहता राहिला भाव. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने जुन्या गाडीच्या विक्रेत्याची बाजू लंगडी झाली आहे, आणि ग्राहकाने तिचा लाभ संकोच न करता घ्यावा. नोंदणीकृत व्यापाऱ्याला कर द्यावा लागतो तो केवळ त्याच्या नफ्यावर, तेव्हा संपूर्ण किमतीवर १८ टक्के चढविण्याची भाषा कोणी केल्यास बिल मागावे. पण ही घासाघीस करताना पावत्यांची पूर्ण फाईल असलेल्या गाडीसाठी वीस-पंचवीस हजार अधिक पडले तर ते खुशाल द्यावेत, आणि फाईल नसलेल्या गाडीच्या भावातून ऑईल, तिन्ही फिल्टर, स्पार्क प्लग व कूलंट यांचा खर्च वजा करूनच आकडा सांगावा, कारण गाडी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात, विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या असल्या तरी, या सर्व वस्तू पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीच्याच घालून बदलावयाच्या आहेत.