मुळी पूज्य, तरी पारख हवीच

आफ्रिकेतील गॅबॉन देशात ब्विती पंथाचे लोक दीक्षाविधीत इबोगा या झुडपाच्या मुळाची साल खातात. १९६२ मध्ये हॉवर्ड लॉटसॉफ या अमेरिकन तरुणाने तिच्यातील इबोगेन घेतले. हेरॉइनची ओढच गेली, असे त्याने सांगितले. पुढे व्यसनमुक्तीसाठी त्यावर संशोधन सुरू झाले. मात्र इबोगेनमुळे हृदयाचे ठोके बिघडून माणसे दगावलीही आहेत.

गॅबॉनने २००० मध्ये इबोगाला राष्ट्रीय वारसा ठरवले. हे योग्यच झाले, असे आम्हांला वाटते. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे ज्ञान जपले, त्यांना औषधाच्या नफ्यात वाटा मिळालाच पाहिजे. पण जुने म्हणजे निर्धोक नव्हे. आपल्या वस्तीत कुणी 'दारू सोडवणारी मुळी' विकायला आला, तर घेऊ नका. घरच्या माणसाला आधी सरकारी दवाखान्यात न्या.