बार्शी लाईटच्या कामगारांचा इतिहास कोण नोंदवणार?

मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीमार्गे लातूरला जाणारी अडीच फुटी रुळांवरची गाडी आता इतिहासजमा झाली आहे. चालू शतकाच्या आरंभीच्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने या मार्गाचे रुंदमापीकरण झाले. प्रवाशांची सोय झाली, माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढवण्याचा खर्च वाचला आणि मराठवाडा देशाच्या मुख्य लोहमार्गांशी जोडला गेला. या बदलाबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु छोट्या गाडीबरोबर एक मोठा कामगारवर्ग आणि त्याचे कसब हेही नाहीसे होत आहे, आणि त्याची नोंद ठेवण्याची कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही. ही उणीव दूर करण्यास सामूहिक रेडिओ, म्हणजे कम्युनिटी रेडिओ, हे साधन उपयोगी पडू शकते काय, हा प्रश्न म्हणूनच विचारात घेण्याजोगा आहे.

कंपनीचे दप्तर आणि कामगाराचा हात

बार्शी लाईट रेल्वे कंपनीची नोंदणी १८९५ मध्ये लंडनला झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा तिचा जनक. हलके रूळ, परंतु गाडीचा भार सर्व आसांवर सारखा वाटलेला, आणि एका आसावर पाच टनांहून अधिक भार नाही, हे त्याचे सूत्र होते. अरुंद मार्गावरही मोठा माल स्वस्तात वाहता येतो हे त्याला सिद्ध करावयाचे होते. लीड्सच्या किटसन कंपनीने या मार्गासाठी इंजिने बांधली आणि हिंदुस्थानात पाठवण्यापूर्वी त्यांची व गाडीच्या डब्यांची चाचणी लीड्सजवळ घेण्यात आली. १८९७ मध्ये बार्शीपर्यंतचा मार्ग खुला झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपुरास, १९११ मध्ये लातुरास आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. सव्वातीनशे किलोमीटरचा हा मार्ग १ जानेवारी १९५४ रोजी भारत सरकारने विकत घेतला.

एवढा इतिहास छापील स्वरूपात मिळतो. इंजिनांचे आराखडे, भांडवलाचे आकडे, संचालकांचे अहवाल यांची निगा विलायतेतील रेल्वेप्रेमींनी जिव्हाळ्याने राखली आहे. परंतु ही इंजिने ज्यांनी शंभर वर्षे चालती ठेवली, त्यांच्याविषयी या दप्तरात फारसे काही सापडत नाही. कुर्डुवाडीचा कारखाना हे या मार्गावरील इंजिने, डबे आणि वाघिणी यांच्या दुरुस्तीचे केंद्र. तेथील फिटर, लोहार, बॉयलरचे काम करणारे, ओतकाम करणारे, खलाशी आणि मुकादम यांनी काय केले आणि कसे केले, हे बव्हंशी त्यांच्या स्मरणातच आहे. किटसन कंपनी १९३८ मध्ये बंद पडली. ज्या कारखान्याचे दारच बंद झाले, त्याच्या इंजिनाचा सुटा भाग मागवावयाचा कोठून? तो येथेच घडवला गेला असणार. परंतु कोणी, कोणत्या साच्यावरून, कोणाच्या हाताखाली शिकून घडवला, हे आराखडे सांगत नाहीत. औद्योगिक इतिहासातील हा सर्वांत मोलाचा भाग होय. कारण उसन्या यंत्रावर देशी कौशल्य कसे उभे राहते, याचे उत्तर तेथेच आहे.

कारखान्याचे आवार रेल्वेकडे आजही आहे. परंतु वाफेच्या इंजिनांचे काम गेले आणि त्या कामाची भाषाही चालली आहे. १९५४ पूर्वी, कंपनीच्या अमदानीत, अठराव्या वर्षी काम धरणारा कामगार आज हयात असलाच तर नव्वदीच्या घरात आहे. १९७४ चा संप पाहिलेला पंचविशीतला तरुण पंचाहत्तरी ओलांडून गेला आहे. अर्थशास्त्रात थांबण्यालाही किंमत असते असे मानतात. येथे ती किंमत दर वर्षी वाढत जाते आणि एका मर्यादेनंतर कितीही पैसा खर्चला तरी माल मिळत नाही.

रूळ नसलेल्या गावाचा संबंध

कुरुंदवाडसारख्या गावाचा या प्रश्नाशी काय संबंध, असे कोणी विचारील. पटवर्धनांच्या या संस्थानी गावात रेल्वे कधी आलीच नाही. कोल्हापूर दरबारने १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर लोहमार्ग सुरू केला, तो उत्तरेकडून गेला. परंतु लोहमार्गाचा आर्थिक परिणाम रुळांच्या दोन्ही बाजूंस दूरवर पसरतो. शिरोळ तालुक्यातील गूळ, तंबाखू आणि भुईमूग कोणत्या स्थानकावर, कोणत्या वाटेने जात असे. बैलगाडीचे भाडे काय होते. मालमोटारी आल्यावर गाडीवानांनी काय केले, या प्रश्नांची उत्तरे स्थानकाच्या नोंदवहीत मिळणार नाहीत. ती घरोघरी मिळतील.

मिरज हे तर १९७१ नंतर काही वर्षे रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांच्या रुळांचे जंक्शन होते. एका मापाच्या वाघिणीतून दुसऱ्या मापाच्या वाघिणीत पोती हलवणाऱ्या हमालांची तेथे मोठी गरज होती. राष्ट्रीय हिशेबात हा खर्च म्हणजे अपव्यय. हमालाच्या घरात तोच खर्च म्हणजे मजुरी. मापांतर झाले आणि हिशेब सुधारला. मजुरी मात्र गेली. हे हमाल पुढे कोठे गेले, हे कोणत्याही अहवालात लिहिलेले नाही. कारखान्यातील कायम कामगाराची निदान सेवापुस्तिका असते. हमालाची तीही नसते.

शिवाय या परिसरात कागदाचा भरवसा थोडा. कृष्णा-पंचगंगेच्या पुराने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोळ तालुक्याला वेढले. घरात आठवडाभर पाणी राहिले की जुनी पत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, छायाचित्रे यांचे काय होते, हे येथील लोकांस सांगावयास नको. याच कुरुंदवाडात १८७२ मध्ये जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गुरुमुखातून चालत आलेली विद्या स्वरलिपीत उतरवली आणि १९०१ मध्ये लाहोरास विद्यालय काढून तिला संस्थेचा आधार दिला. मुखाने चालणारे ज्ञान टिकावयाचे तर त्याला लिपी आणि संस्था दोन्ही लागतात, हा धडा त्यातून घ्यावा.

रेडिओच का?

मौखिक इतिहासाचे काम मराठी मुलखाला अगदीच नवे नाही. मुंबईच्या गिरणगावातील कामगारांच्या आठवणींवर आधारलेला नीरा आडारकर व मीना मेनन यांचा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गिरणीच्या भिंती पडत असताना गिरणी कामगार स्वतःच्या शब्दांत ग्रंथालयात पोहोचला. इंग्लंडातील स्विंडनचा रेल्वे कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच आवारात २००० मध्ये संग्रहालय उभे राहिले आणि कामगारांच्या आठवणींना तेथे स्थान मिळाले. परंतु ग्रंथ वाचणारे थोडे आणि संग्रहालयात जाणारे त्याहून थोडे. रेडिओवर बोलणारा आणि ऐकणारा एकाच गावचा असतो. एकाने सांगितलेली चूक दुसरा दुरुस्त करतो, तिसऱ्याला विसरलेली गोष्ट आठवते. वृद्धांच्या स्मरणावर कितपत विसंबावे ही शंका रास्त आहे. स्मृती वर्षांची गल्लत करते, स्वतःच्या बाजूने झुकते. त्यावर उपाय न बोलणे हा नसून अनेकांनी बोलणे आणि ते कागदाशी ताडून पाहणे हा आहे.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही केंद्र चालवण्याची मुभा मिळाली. माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून बोलीत कार्यक्रम करीत आहे. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक निर्मितीचा असावा, अशी धोरणाची अट आहे. ही अट सिनेमागीतांच्या फर्माइशींनी भागत नाही. निवृत्त कामगारांच्या मुलाखती ही ती अट पुरी करण्याची सर्वांत स्वस्त आणि सकस वाट होय.

धोरणातील तीन अडथळे

तथापि आजचे धोरण या कामास पोषक आहे असे म्हणता येत नाही. पहिला अडथळा मुदतीचा. प्रक्षेपित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे केंद्रावर बंधनकारक आहे. ही तरतूद तक्रारीच्या चौकशीसाठी आहे, इतिहासासाठी नव्हे. चौथ्या महिन्यात ध्वनिमुद्रण पुसले गेले तरी नियमभंग होत नाही. नव्वद वर्षांच्या माणसाचे बोलणे नव्वद दिवसांनंतर जपण्याचे बंधन कोणावरही नाही!

दुसरा अडथळा आशयाचा. बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम या केंद्रांना वर्ज्य आहेत. मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप हा पन्नास वर्षांपूर्वीचा इतिहास झाला. पण त्या वीस दिवसांत कोण आत गेले, कोणाची नोकरी गेली, कोण कामावर हजर राहिले, हे कामगार सांगू लागला की परवान्याला जपणारा केंद्रचालक ध्वनिक्षेपक बंद करण्याचा संभव अधिक. संप, जातीनुसार झालेली कामाची वाटणी आणि अपघात ही तीन प्रकरणे वगळून कारखान्याचा इतिहास सांगितला, तर तो सेवानिवृत्ती समारंभातील भाषणासारखा गोड आणि तितकाच निरुपयोगी होईल.

तिसरा अडथळा पैशाचा आणि पल्ल्याचा. शंभर वॉटच्या मर्यादेतील केंद्र पाच-दहा किलोमीटरपर्यंत ऐकू येते. कुरुंदवाडातून बोललेले मिरजेस पोहोचण्याची खात्री नाही. इतिहास मात्र सव्वातीनशे किलोमीटरच्या रेषेवर पसरलेला आहे. एका केंद्राने हे काम होणार नाही. जाहिरातींचे उत्पन्न तुटपुंजे, सरकारी मदत मुख्यतः उपकरणांपुरती. यंत्र मिळते, यंत्रापुढे बसून बोलते करणाऱ्या माणसाचे वेतन मिळत नाही. असा ठेवा ही सार्वजनिक वस्तू आहे; तिचा लाभ सर्वांना आणि म्हणून तिची किंमत देण्यास कोणीही पुढे येत नाही. अशा ठिकाणी सार्वजनिक निधी खर्चणे न्याय्य ठरते.

काय करता येईल?

अपेक्षा फार मोठ्या नाहीत. मौखिक इतिहास म्हणून नोंदवलेल्या कार्यक्रमांची एक प्रत कायम जतनासाठी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याची अट परवान्यात घालावी. कोल्हापूर आणि सोलापूर येथील विद्यापीठांनी या मार्गाच्या दोन टोकांची जबाबदारी वाटून घ्यावी. वीस-पंचवीस वर्षांहून जुन्या घटनांविषयीच्या आठवणी राजकीय कार्यक्रमात मोडत नाहीत, असा खुलासा माहिती व नभोवाणी खात्याने करावा. रेल्वेने निवृत्तांपर्यंत पोहोचण्यास साहाय्य करावे, परंतु काय विचारावे हे ठरवू नये. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्यावी आणि त्याच्या कुटुंबास प्रत द्यावी. इतिहास व अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे गुण मिळवण्यासाठी छापील पुस्तके उतरवण्याऐवजी एकेका निवृत्त कामगाराकडे पाठवले, तर खर्चही फारसा येणार नाही.

कॅलथ्रॉपची इंजिने विलायतेत चित्रांतून, नमुन्यांतून, ग्रंथांतून जपली जातील. ती तेथील लोकांनी बांधली, त्यांनी ती जपली. येथील लोकांनी ती चालवली आणि दुरुस्त केली. त्यांचा इतिहास जपण्याचे काम लीड्सकर करणार नाहीत. ते येथेच झाले पाहिजे, आणि त्यासाठी हाताशी असलेली वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.